एकवीस की चौऱ्याहत्तर

११ ऑगस्ट, सोमवार

राजवर्धन साताऱ्याहून परस्पर इकडे पलूसला आला. भरतीत नापास. पळण्यात पुढे, उंची बसली, छाती फुगली, लेखी परीक्षा आधीच पास, आणि शेवटी मेडिकलला डोळ्यांवर अडकवला. त्याचे डोळे म्हणे लाल आणि हिरवं ओळखत नाहीत. कुणीतरी डॉक्टर ठिपक्यांचं पुस्तक समोर धरतो, त्यातला आकडा वाच म्हणतो, आणि अठरा वर्षांच्या पोराचा निकाल लावून मोकळा होतो. छत्तीस वर्षं मी हायस्कुलात इतिहास शिकवला. एका पानावरून मी कधी कुणाची लायकी ठरवली नाही.

रहिमतपूरला स्वतःच्या घरी न जाता पोरगं आजोळी आलं, यावरूनच काय ते समजावं. तिकडं त्याचे आजोबा नाथाजीराव, म्हणजे आमचे व्याही. सुभेदार होऊन निवृत्त झाले, दारावर अजून हुद्द्याची पाटी आहे. बाप धैर्यशील आत्ता सीमेवर. त्या घरात पाळण्यातल्या पोराला आधी सलाम शिकवतात आणि मग दूध पाजतात. संयोगिताला मी त्या घरात दिली तेव्हा मलाही त्या पाटीचं कौतुक होतं, हे खरं आहे.

पोरगं जेवलं नाही. त्याच्या आजीने, विजयमालाने, दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकून ठेवलं. तिला अशा वेळी काही बोलता येत नाही.

राजवर्धन माझ्यावर गेलाय, असं सगळेच म्हणतात. नाक माझं, चाल माझी. मळ्यात टोमॅटो तोडतानासुद्धा तो माझ्यासारखा प्रत्येक टोमॅटो दाबून बघतो. बाकीचे नुसते लांबून बघून भराभर तोडत सुटतात. काम असं करायचं नसतं. अशा काळजीने काम करणाऱ्या पोराला डोळे नाहीत म्हणणारा डॉक्टर स्वतः कोणत्या कॉलेजातून बाहेर पडला, ते एकदा बघायला हवं.

१३ ऑगस्ट, बुधवार

नाथाजीरावांचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही.

“सर, आमच्या तीन पिढ्या फौजेत गेल्या. माझा बा, मी, आन् धैर्यशील. एकाच्या बी डोळ्याला कुणी नाव ठेवलं न्हाई. मग ह्ये आलं कुठनं?”

“म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?”

“सून जिथनं आली तिथनंच आलं. आनि कुठनं येणार?”

मुद्दाम मोठ्याने बोलत होते. संयोगिता मागे स्वयंपाकघरात असणार, तिच्या कानावर पडावं म्हणूनच. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “सुभेदारसाहेब, माझा शंभूराजही फौजेतच आहे. हीच तपासणी त्याने पास केली. ज्याचा मुलगा पास होतो त्याच्या घराण्यात दोष असेल कसा?”

यावर त्यांनी फोन ठेवून दिला. इतिहास शिकवणाऱ्याशी पुराव्याच्या गोष्टी करू नयेत.

गेल्या माघात आमचा हेळवी येऊन गेला. घराण्याची वंशावळ तोंडपाठ सांगणारा माणूस, कानडी मुलखातून येतो. याचा बाप बैलावर बसून यायचा, हा मोटरसायकलवर येतो. अंगणात उभं राहून त्याने मूळपुरुषापासून शंभूराजापर्यंत सगळे पुरुष म्हणून दाखवले. कोण लढाईत पडला, कोण विहिरीत पडला, सगळं. त्यात आंधळा, अर्धा आंधळा, रंग न कळणारा असा एकही नाही. आमचं रक्त चाळणीतून गाळून आलेलं आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

ते ठिपक्यांचं पुस्तक मोबाइलवरही मिळतं, हे मला माहीत नव्हतं. राजवर्धननेच उघडून दिलं. “बघा आण्णा, ह्येच दाखवत हुते.”

मी रीतसर परीक्षा घेतली. एक कागद त्याला, एक मला. दोघांनी एकमेकांकडे न बघता लिहायचं. पहिल्या पानावर बारा. दोघांचंही बारा. पुढच्या एका पानावर त्याने लिहिलं एकवीस, मीही लिहिलं एकवीस. मग एक पान असं आलं की त्यावर आकडाच नव्हता, नुसते ठिपके. त्याने तिथं रेघ मारली होती, मीही रेघच मारली होती. दोन शहाणी माणसं वेगवेगळी बसून एकच उत्तर लिहितात, याचा अर्थ सरळ आहे. पोरगं बरोबर वाचत होतं आणि त्याला जाणूनबुजून बसवलं.

विजयमाला शेजारी गहू निवडत होती. तिलाही दाखवलं. एकवीसच्या पानावर म्हणाली, “चौऱ्याहत्तर.” रिकाम्या पानावर म्हणाली, “सहा.” मी हसलो. सातवी शिकलेली बाई, वर चष्मा बदलायला झालेला. तिला म्हटलं, नसलेला आकडा वाचायला वेगळी विद्या लागते. ती हसली नाही. आधी माझ्याकडे बघितलं, मग राजवर्धनकडे, मग पुन्हा माझ्याकडे. भाजी लागली म्हणून आत गेली. गॅसवर काही नव्हतं, मी नंतर पाहिलं.

सवयीने मी दोन्ही कागदांवर लाल पेनाने बरोबरची खूण केली. माझं ते जुनं, टोपणाला काळा दोरा बांधलेलं पेन. त्याची एक गोष्ट आहे. शाळेत असताना हेडमास्तरांनी मला मेमो दिला होता, वह्या हिरव्या शाईने तपासल्या म्हणून. हिरवी शाई साहेब लोकांची. मास्तराने वापरली की त्यांच्या पोटात दुखतं. मी हिरवं पेन घेईन कशाला? कुणीतरी जळक्याने खिशातलं पेन बदललं होतं, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगेन. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक लाल पेनाला विजयमाला काळा दोरा बांधून देते. दृष्ट लागू नये म्हणून असणार. मी कधी विचारलं नाही. निवृत्त झालो तेव्हा त्याच हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर मला हिरवं पेन भेट दिलं, पोट धरून हसले. ते तसंच डबीत पडून आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

किर्लोस्करवाडीहून गाडीने रहिमतपूरला गेलो. राजवर्धनला पोचवायचं हे निमित्त. दोन्ही कागद खिशात होते.

बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात पदकं. त्याच्यासमोरच मला बसवलं. मी शांतपणे सुरुवात केली. आधी वंशावळ सांगितली, मग मोबाइलवरच्या परीक्षेचं सांगितलं, कागद पुढे ठेवले. नाथाजीरावांनी कागद हातातसुद्धा घेतले नाहीत.

“सर, तुमी काय बी कागद दावा. ह्या घरात फौजेत न गेलेला ह्यो पैला गडी. लोक मला इचारत्यात, नातवाचं काय झालं. मी काय सांगू?”

“सांगा की तुमच्याकडच्या कुणाचं तरी झाकलेलं उघडं पडलं म्हणून. प्रत्येक घरात एखादा असतो झाकलेला.”

मी असं बोलायला नको होतं, असं विजयमाला आता म्हणते. बोललो. नाथाजीराव उठून उभे राहिले. पाणी घेऊन आलेली संयोगिता दारातच थांबली. तिच्या देखत त्यांनी मला सांगितलं की वय बघून गप्प बसतोय. मग मीही उठलो आणि म्हटलं, “संयोगिता, पिशवी भर. जिथं माहेराच्या रक्तावर बोट ठेवतात तिथं माझी मुलगी राहणार नाही.”

ती म्हणाली, “आण्णा, मला कुणी जा म्हणलेलं न्हाई.”

“मी म्हणतोय ना चल.”

आली. गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली. वीस वर्षं संसार केलेल्या बाईला बापाने असं उठवून आणावं का, असा विचार वाटेत एकदा मनात आला. पण माझी बाजू खरी आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

आज गौरी गेल्या. संयोगिता अजून इथंच. तिची सासू फोनवर रडली म्हणे. तिकडच्या गौरी यंदा सुनेशिवाय बसल्या.

मी तिच्यासाठी चॉकलेटी साडी आणली होती. तिने घडी उलगडली आणि म्हणाली, “हिरवी कशाला आणली आण्णा? माझ्याकडं हिरव्या चार हायत.” मी म्हटलं, चॉकलेटी आहे, मी स्वतः निवडली. ती काही बोलणार तेवढ्यात विजयमाला मध्ये पडली. “चॉकलेटीच हाय गं ती. उजेडानं तशी दिसतीया.” संयोगिता आईकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “व्हय. उजेडानं.” मायलेकींचं हल्ली डोळ्यांनीच काहीतरी चाललेलं असतं.

धैर्यशीलचा फोन आला. रेंज नीट नव्हती. म्हणाला, “तिला पाठवून द्या, माझ्या बाबांना मी समजावतो.” मी म्हटलं, तुझ्या बाबांनी आधी म्हणावं की हे आमच्याकडून आलं. मग पाठवतो. त्यावर तासाभराने नाथाजीरावांचा निरोप: सरांनी आधी म्हणावं की हे आमच्याकडून आलं, मगच तिला पाठवावं. तोवर आणू नये.

म्हणजे आता एका वाक्यावर अडलंय. दोघांपैकी एकाने म्हणायचं. मी म्हणणार नाही, कारण ते खोटं आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सांगलीला गेलो, संयोगिताला घेऊन. राजवर्धनला रहिमतपूरहून परस्पर तिकडं बोलावून घेतलं. शास्त्राचाच निकाल आणायचा आणि रहिमतपूरला पाठवायचा, असं ठरवलं होतं.

डोळ्यांची डॉक्टर निघाली आमच्याच शाळेतली. अक्षता. विहारामागच्या धनाजीची मुलगी. शिकली, मोठी झाली, चांगलंच आहे. मी कधी भेद केला नाही. पण ही तीच, जिला मी सातवीत नकाशाला शून्य दिला होता. स्वराज्य भगव्या रंगाने आणि आदिलशाही हिरव्या रंगाने रंगवायला सांगितली होती. बाकीच्यांनी गडद रंगवून वर नावं तरी लिहिली होती. हिने स्वस्तातल्या खडूने फिकट रंगवलं, आणि दोन्हीकडे एकच रंग. वर्गात उभं करून म्हटलं होतं, स्वराज्य कुठं संपतं ते तुम्हा लोकांना कळायचं कसं. जिला तेव्हा भगवं आणि हिरवं वेगळं काढता येत नव्हतं, ती आज लोकांचे डोळे तपासते. काळ बदलला.

तिने पायाला हात लावला नाही, पण उठून उभी राहिली. राजवर्धनला तपासलं, मग कागदावर आकृती काढत बसली. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. म्हणाली, “सर, रंग ओळखायची ही गोष्ट मुलाला वडिलांकडून मिळतच नाही. ती आईकडून येते. आईजवळ त्याच्या दोन प्रती असतात. एक बिघडलेली असली तरी दुसरी चांगली असते, त्यामुळे आईला सगळं नीट दिसतं. मुलाजवळ एकच प्रत. त्याच्या वाट्याला बिघडलेली आली तर भागवायला दुसरी नसते. यातली कुठली द्यायची ते आई ठरवू शकत नाही. यात तिची काही चूक नाही.”

संयोगिता रडायला लागली. म्हणजे नाथाजीराव बरोबर होते? मी विचारलं, “हिच्याकडे कुठून आली?”

“त्यांच्या आईकडून येऊ शकते, किंवा...”

आईकडून! म्हणजे विजयमालाकडून. डोक्यात एकदम उजेड पडला. जिला एकवीसचे चौऱ्याहत्तर दिसतात, तिच्याकडूनच येणार. माझ्या घराण्याचा यात काही संबंध नाही. आणि शंभूराज कसा सुटला, तर त्याला आईची चांगली प्रत मिळाली. सगळं जुळलं. अक्षता पुढे काहीतरी सांगत होती. मग म्हणाली, “सर, तुम्हीही जरा पुस्तक बघता का?” मी म्हटलं, माझे डोळे ठीक आहेत, आमची गाडी चुकेल. राजवर्धनचा लेखी रिपोर्ट पुढच्या शुक्रवारी न्यायला या, म्हणाली.

त्या आकृतीत गोलच गोल होते. आमच्या हेळव्याच्या वंशावळीत असा एकही गोल नाही, म्हणून ती इतकी वर्षं स्वच्छ राहिली.

१५ सप्टेंबर, सोमवार

विजयमालाला सांगितलं. हा दोष तुझ्या माहेरचा आहे, म्हणून नाथाजीरावांना मी कळवणार आहे. माझं नाव त्यात येत नाही.

ती भाकऱ्या थापत होती. परातीतले हात तसेच ठेवून म्हणाली, “माझ्या म्हायेरावर जाऊ नगासा.”

“शास्त्र आहे ते.”

“शास्त्रच हाय, तर शुक्रवारी मी बी येती. दोघांची बी तपासणी हुंद्या.”

ही बाई सांगलीला फक्त लग्नाचा बस्ता बांधायला जाते. स्वतःहून येते म्हणाली याचं मला आश्चर्य वाटलं. मी हो म्हटलं. तिची खात्री पटू दे एकदा.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

लिहिणार नव्हतो.

अक्षताने पुस्तक उघडलं. हे खरं, छापील. विजयमाला न अडखळता वाचत गेली, जसं पोरं पाढे म्हणतात तसं. चौऱ्याहत्तर. सहा. पंचेचाळीस. प्रत्येक आकड्याला अक्षता मान हलवत होती. मी म्हटलं, ती चुकीचं वाचतेय. अक्षताने पुढचं पान उलटलं.

विजयमालाने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. “आता तुमी.”

आमच्याबरोबर आलेली संयोगिता समोर बसली होती. उठून जाता आलं नाही.

मी वाचलं. बारा. मग एकवीस. मग म्हटलं, इथं काही नाही. पुढचं पान, इथंही काही नाही. पुढचंही. अक्षता पानं उलटायची थांबली.

“सर, तुम्ही आणि राजवर्धन अगदी एकसारखं बघता.”

मग मागच्या खेपेला मी पुरं होऊ न दिलेलं वाक्य तिने पुरं केलं. बापात दोष असेल तर तो मुलाला जात नाही, पण प्रत्येक मुलीला जातोच. मुलीकडून पुढे नातवाला. शंभूराजचे डोळे चांगले आहेत ते विजयमालाचे आहेत. म्हणजे ज्या पोराच्या जोरावर मी महिनाभर भांडलो, त्याचे डोळे माझे नाहीतच. ज्याचे माझे आहेत तो घरी बसला.

मी म्हटलं, छपाई वाईट असेल. ती म्हणाली, “सर, सातवीच्या नकाशात मी स्वराज्य भगवंच रंगवलं होतं.” रागाने म्हणाली नाही. नाडी किती आहे हे सांगावं तसं म्हणाली. फी घेतली नाही. घेतली असती तर बरं झालं असतं.

एसटीत विजयमालाला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं.

“लगीन झाल्यावर पैल्या वर्साला. तुमी मिरच्या तोडत हुता. लाल तेवढ्याच तोडा म्हणलं, तर हिरव्या-लाल समद्या एका पाटीत.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगून तुमी ऐकला असता व्हय? मेमो आला तवा तुमी आठ दिस जेवला न्हाई. म्हणलं, दोरा बांधला की भागतंय.”

दोरा दृष्ट लागू नये म्हणून नव्हता. आता आठवतंय, कपाटात माझे शर्ट नेहमी पँटींवरच ठेवलेले असतात, जोड्याजोड्याने. बाजारात पिशवी द्यायची तर “लाल पिशवी, ती बंदाला गाठ मारलेली” असं म्हणते. इतकी वर्षं मी समजत होतो की या बाईला बडबडायची सवय आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

संयोगिताने आज स्पष्टच विचारलं. “आण्णा, एक फोन करा. येवढंच म्हणा, माझ्याकडनं आलं. पुढचं मी बघती.”

बरोबर आहे तिचं. मी लावला फोन. नाथाजीरावांनी उचलला, “बोला सर,” म्हणाले. मी विचारलं, तिकडं ऊस कसा आहे. ते म्हणाले, बरा हाय. मी म्हटलं, यंदा पाऊस फार झाला. ते म्हणाले, व्हय, लय झाला. मी म्हटलं, बरं ठेवतो.

संयोगिता दाराशी उभी होती.

मला भीती कशाची वाटते? दोष काही मी केलेला नाही. जन्मजात आहे, दाढीच्या केसांसारखा. अक्षता तर म्हणाली, खूप पुरुषांत असतो. तरी ते वाक्य तोंडातून निघत नाही. ज्या माणसाच्या पदकांसमोर बसून मी गाळलेल्या रक्ताच्या गप्पा मारल्या, त्याला हे सांगायचं? गावात पसरेल. ज्या पोरांच्या वह्या तपासल्या ती हसतील. हेडमास्तर अजून जिवंत आहेत.

दसरा झाल्यावर सांगेन. स्वतः जाऊन सांगेन. फोनवर असल्या गोष्टी शोभत नाहीत.

३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी राजवर्धन आईला भेटायला आला. त्याला गावच्या कॉलेजात बी.ए.ला घातलंय. पळायला जाणं सोडलं.

चहा झाल्यावर संयोगिताने माझ्याच खोलीत, माझ्यासमोर बसून रहिमतपूरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सासऱ्यांना ती मामा म्हणते.

“मामा, डाक्टरनी सांगितलं. दोष माझ्यातच हाय. माझ्यापासनं सुरू झालंय. आण्णांच्या घरात कुणाला बी न्हाई.”

“मग आधीच म्हणायचं हुतं की, पोरी. येवढा तमाशा कशापायी केला तुझ्या बानं?”

“चुकलं आमचं.”

“ये मग. दसऱ्याला घरातली सून घरात पायजे.”

ती बोलत होती आणि बघत माझ्याकडे होती. मला वाटतं ती थांबत होती. प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबत होती. फोन आमच्या दोघांच्या मधे टेबलावर होता. मी हात पुढे केला असता तर पोचला असता. मी चष्मा पुसत होतो.

तिने ती साडी नेसली होती. हिरवी. आता मी हिरवी म्हणतो, कारण तसं सांगितलं गेलंय.

स्टँडवर विजयमाला आली नाही. गाडी लागली तेव्हा राजवर्धन मागे राहिला. म्हणाला, “आण्णा, डोळ्याचा मला राग न्हाई. त्यो दोष काय तुमी मुद्दाम दिला न्हाई. पर आय खोटं बोलली आन् तुमी ऐकून घेतलं.” मग पाया पडला आणि चढला. मी आशीर्वादसुद्धा दिला, सवयीने.

घरी येऊन मी विजयमालाला म्हटलं, मिटलं एकदाचं, पोरगी घरी गेली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मला सुटल्यासारखं वाटत होतं, हे इथं लिहून ठेवतो, कारण तेच खरं आहे. संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

२ ऑक्टोबर, दसरा

काल खंडेनवमीला माझी पेनं पूजेला ठेवायला मागितली. आमच्या घरात तलवार नाही, पेनंच पुजतो. विजयमालाने डबी आणून चौरंगावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आरती केली. एक शब्द बोलली नाही. परवापासून असंच आहे. जेवायला वाढते, पाणी देते, फक्त बोलत नाही. आज कपाट उघडलं तर शर्ट एकीकडे, पँटी एकीकडे, सगळं धुऊन नीट घड्या घातलेलं. सोनं द्यायला बाहेर पडलो तेव्हा दोनतीन माणसं माझ्या कपड्यांकडे बघून गालात हसली. काय घातलं होतं, मला माहीत नाही.

घरी आलो आणि ही वही उघडली. ठरवलं, जे तोंडाने निघालं नाही ते निदान लिहावं. लिहिलं:

हे माझ्याकडून आलं.

तीनच शब्द. मास्तराची सवय, महत्त्वाचं वाक्य असेल तर खाली लाल रेघ. डबी उघडली. दोन पेनं होती, दोन्ही सारखीच, हेडमास्तरांनी त्याच कंपनीचं दिलं होतं, थट्टा पुरी व्हावी म्हणून. दोरा कुठल्याच पेनाला नव्हता. एका टोपणावर त्याचा वळ तरी असेल म्हणून खिडकीत नेऊन बघितलं, बोट फिरवलं. काही नाही. पुसून ठेवलंय.

दाराशी जाऊन विचारलं, “विजयमाला, यातलं लाल कोणतं?”

ती अंगणात आपट्याची पानं गोळा करत होती. “बघा की तुमचं तुमी,” म्हणाली.

मी परत आत आलो. त्यातलं एक उचललं आणि त्या तीन शब्दांखाली रेघ ओढली. लाल आहे की हिरवी, ते मला सांगायला या घरात आता कुणी तयार नाही.